पहिलं घर शहरात घ्यावं की उपनगरात? तुमचे अनुभव लिहा

घर घ्यायचं ठरलंय. इतकी वर्षं भाड्याने काढली, आता कर्ज मंजूर होईल असं दिसतंय आणि दोन घरांवर येऊन गाडी अडलीये. एक शहरात, दोघांच्याही ऑफिसपासून जवळ, पण लहान, जुनी इमारत, पार्किंग नाही. दुसरं बाहेर उपनगरात, एक खोली जास्त, नवं कॉम्प्लेक्स, खाली मोकळी जागा, पण जाण्यायेण्याचा वेळ दुपटीहून जास्त. घरात आम्ही दोघं, तीन वर्षांची मुलगी आणि सासूबाई कायमच्या आमच्याकडे राहायला येणारेत. कुठे भाव वाढतील यावर वाचायला भरपूर मिळतं, मला ते नकोय. मला ऐकायचंय की तुमचा दिवस कसा जातो, सकाळी कोणाला किती पळावं लागतं, संध्याकाळी मुलांशी बोलायला अंगात त्राण उरतं का, दिवसभर घरी असणाऱ्या माणसाचं काय होतं. ज्यांनी निवड केली आणि त्या घरात काही काळ काढला त्यांनी जरूर लिहा. लांबलचक लिहिलंत तरी चालेल, मी सगळं वाचणारे.

*

ताई, मी उपनगरवाला, आणि मला परत विचारलंत तर परत इथेच घेईन, पण प्रवासाचं आधी सांगतो कारण तिथेच सगळं ठरतं. जाहिरातीत स्टेशन ते स्टेशन मिनिटं लिहिलेली असतात. आपल्या दारापासून ऑफिसच्या खुर्चीपर्यंतचा वेळ वेगळा असतो, त्यात लिफ्ट येते, गेटपर्यंतचं चालणं येतं, बसची वाट, जिना, प्लॅटफॉर्मवरची गर्दी, आणि उतरल्यावर परत चालणं. गाडीतला वेळ पाऊण तास असेल तर दारापासून दारापर्यंत सव्वा तास सहज होतो. येताजाता मिळून रोजचा दीड तास जास्त धरला आणि वर्षाला 240 कामाचे दिवस धरले तर 360 तास होतात, म्हणजे आठ तासांच्या ड्यूटीचे 45 दिवस. हा आकडा कागदावर लिहून बायकोसमोर ठेवला आणि मग दोघांनी मिळून हो म्हटलं.

हो का म्हटलं, तर आमच्या स्टेशनवरून गाडी सुटते. सकाळी बसायला जागा मिळते, माझं वाचन होतं, बायकोची झोप होते. एक स्टेशन अलीकडे घर मिळत होतं, अंतर कमी, पण तिथे गाडी भरून येते आणि रोज उभ्याने जावं लागलं असतं. नकाशावर जवळचं घर शरीराला लांबचं पडतं असं मी तरी मानतो. तुम्ही घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका, सोमवारी सकाळी ऑफिसच्या वेळेला तिथून निघून बघा, आणि जमलं तर पावसात.

*

आम्ही शहरातलं लहान घर घेतलं. दोन खोल्या, चार माणसं. जेवायचं टेबल भिंतीला बिजागरीवर लावलंय, जेवण झालं की वर उचलून कडी लावायची, मग त्याच जागेत मुलाचं अंथरूण पडतं. पलंगाखाली एक इंच जागा मोकळी नाही. कोणाला फोनवर जोरात भांडायचं असेल तर जिन्यात जावं लागतं. हे सगळं खरं आहे आणि तरी आम्ही सुखात आहोत, कारण शाळा चालत, ऑफिस चालत, दवाखाना चालत, आणि सासरे रोज सकाळी एकटे वाचनालयात जाऊन येतात, कोणाला विचारावं लागत नाही. मुलाला ताप आला म्हणून शाळेतून फोन आला तर मी दहा मिनिटांत तिथे असते. या दहा मिनिटांसाठी मी एक खोली सोडली असं समजा.

त्रास आहे तो आवाजाचा. बेडरूमची खिडकी रस्त्यावर, खाली बस स्टॉप, रात्री शेवटची बस स्टॉपवरून निघताना जोर लावते तेव्हा काच थरथरते. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये वाहतुकीच्या आवाजासाठी ज्या मर्यादा सुचवल्या त्यात रात्रीची 45 डेसिबल आहे, ती घराबाहेरची आणि सरासरीची असते. मी फोनवरच्या ॲपने मोजलं तर खिडकी उघडी असताना आकडा त्याच्या बराच वर. ॲप काही शास्त्रशुद्ध नाही, पण अंदाज येतो. मग दुहेरी काचेची खिडकी बसवली, खर्च झाला, झोप परत आली. पण खिडकी बंद म्हणजे वारा बंद, हेही लक्षात घ्या. शहरातलं घर घेताना रस्त्याकडची खोली आणि मागच्या अंगाची खोली यात जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्याच इमारतीत मागचं घर मिळत असेल तर थोडे जास्त पैसे देऊन घ्या.

*

फक्त सासूबाईंबद्दल लिहितो कारण आमच्याकडे आई होती.

आम्ही घरं बघायला आईला बरोबर न्यायचो, आणि गाडीत बसवून नाही, बसने. एका नव्या कॉम्प्लेक्समध्ये आम्ही दोघं स्वयंपाकघर आणि बाल्कनी बघून खूश झालो, आई खाली उतरली आणि म्हणाली मी जरा गेटबाहेर चालून येते. वीस मिनिटांनी घामाघूम होऊन परत आली. म्हणाली, फूटपाथ अर्ध्यात संपतो, रस्ता ओलांडायला सिग्नल नाही, एवढ्या रस्त्यात टेकायला एक बाकडं नाही, सावली नाही, आणि औषधाचं दुकान विचारलं तर वॉचमन म्हणाला गाडीने जा. पाच मिनिटांच्या चालण्यात साधारण 400 मीटर होतात, बस स्टॉप एवढ्या अंतरात असावा असं मानतात. पण ते धडधाकट माणसाच्या चालीने. गुडघे दुखणाऱ्या माणसाचे 400 मीटर वेगळे, त्याला मधे दोनदा बसावं लागतं.

शेवटी आम्ही त्याच उपनगरात घेतलं, पण जुन्या वस्तीत, स्टेशनच्या बाजूला. इमारत साधी, बाग नाही, पोहायचा तलाव नाही. खाली उतरलं की दुकानं, समोर बाकडी असलेलं छोटं मैदान. आईच्या तिथे दोन महिन्यांत चार ओळखी झाल्या, आमची आजपर्यंत एक नाही. आपल्याला घरात किती खोल्या आहेत हे दिसतं, म्हाताऱ्या माणसाला घराबाहेर किती जाता येतं यावर त्याचं सगळं अवलंबून असतं. गाडी चालवता न येणाऱ्या माणसाला नव्या वसाहतीत मुलगा-सून सुट्टीवर असतील तेव्हाच बाजार दिसतो, हे मी शेजारपाजारच्या घरांत बघतोय आणि मला ते फार लागतं.

*

वरचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. मी नगररचनेत काम करते म्हणून थोडं मागचं सांगते, तुमच्या निवडीला उपयोगी पडेल.

उपनगर म्हटलं की आपण एकच चित्र धरतो, पण मुळात दोन जाती आहेत. एक रेल्वेच्या मागून वाढलेली. लंडनमध्ये 1863 साली जगातली पहिली भुयारी रेल्वे धावली, आणि पुढे ती चालवणाऱ्या कंपनीनेच आपल्या मार्गाच्या कडेच्या जमिनींवर घरं उभी करून विकली. तिथे सगळ्यांना स्टेशनपर्यंत चालत जायचं होतं, म्हणून दुकानं, शाळा, टपाल सगळं स्टेशनच्या आसपास दाटीने वसलं. दुसरी जात मोटारीच्या मागून वाढलेली. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर 1947 मध्ये लेव्हिटटाउनचं बांधकाम सुरू झालं, काही वर्षांतच 17 हजारांहून जास्त घरं, जवळपास एकसारखी, आणि तिथे प्रत्येक घराला गाडी असणार हे गृहीत होतं. जगभर आज जी उपनगरं वाढतायत ती बहुतेक या दोन टोकांच्या मधे कुठेतरी आहेत. तुम्ही बघताय ते घर कोणत्या टोकाकडे झुकतं हे बघा, शहर की उपनगर यापेक्षा हा प्रश्न मला जास्त मोठा वाटतो.

अजून एक, रस्ता रुंद होणारे मग प्रवास कमी होईल या भरवशावर राहू नका. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने 1994 मध्ये मांडलं होतं की माणसं प्रवासाला दिवसाचा साधारण तासभर देतात, आणि वाहनं जलद झाली की वेळ वाचवण्याऐवजी तेवढ्याच वेळात लांब राहायला जातात. रस्ता रुंद झाला की पलीकडे नवी घरं उभी राहतात, त्यांच्या गाड्या त्याच रस्त्यावर येतात आणि काही वर्षांत कोंडी होती तशी होते. आमच्या क्षेत्रात हे वारंवार दिसलंय. म्हणून आज जे रूळ आहेत, जी बस आज धावते, जी शाळा आज भरते, तेवढंच धरून घर घ्या. नकाशावरची तुटक रेषा मोजू नका.

*

पैशाचं थोडक्यात. उपनगरातलं घर स्वस्त म्हणताना लोक फक्त हप्ता बघतात. शिकागोची सेंटर फॉर नेबरहुड टेक्नॉलॉजी नावाची संस्था घराचा आणि प्रवासाचा खर्च एकत्र धरते, दोन्ही मिळून उत्पन्नाच्या 45 टक्क्यांच्या आत असावेत असं त्यांचं माप आहे. ते माप तिथलं, पण पद्धत कुठेही लागू होते. हप्ता, मेंटेनन्स, पास, पेट्रोल, आणि दुसरी गाडी घ्यावी लागणार असेल तर तिचा हप्ता, विमा, सर्व्हिसिंग, सगळं एका ओळीत मांडा आणि मग दोन घरांची तुलना करा. आमच्या बाबतीत दुसऱ्या गाडीनेच अर्धा फरक खाल्ला.

उलट बाजूही सांगतो. शहरातल्या घरासाठी ताणून कर्ज घेणं मला जास्त धोक्याचं वाटतं. 9 टक्के व्याज आणि 20 वर्षांची मुदत धरली तर पहिल्या हप्त्यातले सुमारे 83 टक्के व्याजातच जातात, आणि व्याज तेच राहिलं तर मुदतीअखेर मुद्दलाच्या दुपटीहून जास्त भरलेलं असतं. एकाची नोकरी सहा महिने गेली तर हप्ता निघेल का, याचं उत्तर नाही असेल तर ते घर कितीही जवळ असलं तरी सोडा.

*

रात्री दहाला जाऊन बघा. एवढंच सांगायचंय, पण मनापासून.

मी एकटी राहते, शिफ्ट उशिरा संपते. स्टेशनपर्यंत काही वाटत नाही, माणसं असतात. खरा प्रश्न शेवटच्या अर्ध्या किलोमीटरचा असतो. एका बाजूला बांधकामाचे पत्रे, दुसऱ्या बाजूला भिंत, दिवे एक सोडून एक. दिवसा तोच रस्ता किती छान आणि रुंद दिसतो. मी जे घर घेतलं त्या रस्त्यावर तळमजल्याला दुकानं आहेत, ती उशिरापर्यंत उघडी असतात, वर लोक राहतात, कोणी ना कोणी खिडकीत असतं. त्यासाठी दुसरा मजला, गोंगाट, कमी उजेड हे सगळं स्वीकारलं. ताई, तुमची मुलगी आज तीन वर्षांची आहे, पंधरा वर्षांनी ती क्लासवरून एकटी परत येणारे.

*

मुलांचा विषय निघाला म्हणून. मी स्वतः उपनगरात वाढलो. लहानपण सुंदर गेलं, सायकल, मैदान, झाडं, आईला काळजी नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी ते सगळं पालटलं. मित्र शहरात, क्लास शहरात, बस तासाला एक, आणि प्रत्येक ठिकाणी जायला बाबांना गाडी काढायला सांगायची. ते दमून आलेले असायचे, मग मी विचारणंच सोडून दिलं. लोक घर घेताना घसरगुंडी बघतात. ती पाच-सहा वर्षं पुरते, नंतर मुलाला एकट्याने पकडता येईल अशी बस लागते. माझं घर मी बसच्या मार्गावर घेतलं, शहराच्या कडेला, मधलं काहीतरी.

*

मी घरून काम करते त्यामुळे मला प्रवास नाही, म्हणून उपनगर सोपं असं सगळे म्हणाले. जागा मिळाली, स्वतंत्र खोली मिळाली, दार बंद करून मीटिंग घेता येते, हे फार मोठं सुख आहे. पण सकाळी नऊनंतर कॉम्प्लेक्स रिकामं होतं. दुपारी खिडकीतून बघितलं तर माळी आणि कुरिअरवाला, बस. पहिलं वर्ष जड गेलं. आता आठवड्यातून दोन दिवस मुद्दाम शहरात जाऊन बसते. घरून काम असेल तर दुपारी तीनला त्या भागात चक्कर मारा, माणसं दिसतात का बघा.

*

(धागाकर्ती) खूप खूप आभार सगळ्यांचे. नवऱ्याला सगळं वाचून दाखवलं. सासूबाईंना शनिवारी दोन्हीकडे बसने घेऊन जातोय, त्या स्वतःच म्हणाल्या की मला कोणी विचारलंच नव्हतं. शहरातल्या घराकडे आमचा कल होतोय, पण जुन्या इमारतीची धास्ती वाटते. काय बघायचं असतं?

*

ताई, जुन्या इमारतीत राहतोय म्हणून सांगतो. सर्वात आधी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची इंजिनिअरने केलेली तपासणी) कधी झालं ते विचारा आणि रिपोर्ट हातात मागा, तोंडी नको. मग खालच्या पार्किंगमध्ये किंवा जिन्याखाली जाऊन खांब आणि बीम बघा, प्लास्टरला उभ्या भेगा असतील, गंजाचे तांबूस डाग असतील, काँक्रीटचा पापुद्रा सुटून सळई दिसत असेल तर आतली सळई गंजून फुगलीये असं समजायचं, आणि वरून रंग मारून ते बरं होत नाही. वरच्या मजल्याचं घर असेल तर गच्चीवर जा, पाणी साचल्याच्या खुणा बघा. बाथरूमच्या वरच्या छतावर ओल आहे का, मलवाहिनी बदललीये का, लिफ्ट किती जुनी, वीजवाहिनी एसीचा भार घेईल का. आणि सोसायटीच्या दुरुस्ती निधीत किती शिल्लक आहे ते सेक्रेटरींना स्पष्ट विचारा, कारण निधी रिकामा असेल तर तुम्ही राहायला गेल्यावर पहिली मोठी वर्गणी तुमच्याच डोक्यावर येते. स्वतःचा एक इंजिनिअर पैसे देऊन न्या. टोकन देण्याच्या आधी.