झिजलेली नाणी: इंडो-ग्रीक की क्षत्रप?

मीनल (गिरगाव)
ऑनलाइन पाच जुनी नाणी एकत्र घेतली. तीन तर नुसत्या चकत्या आहेत. एक चांदीचं, जेमतेम १५ मिमी. सोनाराच्या काट्यावर २.१ ग्रॅम भरलं. पुढे मिशीवाला चेहरा, कडेने ग्रीकसारखी अक्षरं. मागे तीन कमानींचा डोंगर. विकणाऱ्याने 'इंडो-ग्रीक' (म्हणजे वायव्य भारतातल्या ग्रीक राजांचं) लिहिलं होतं. दुसरं काळपट, जाड. हत्ती असावा, मागे चार वर्तुळं. चिंचेच्या पाण्यात घालू का?

राजेश (डोंबिवली)
चिंच-मीठ लावा, तांबं लख्ख होतं.

दत्ताकाका (दादर)
राजेश, हा सल्ला कुणालाच देऊ नकोस रे. झिजलेल्या नाण्यावर उरलेली रेघ त्या काळपट थरातच असते. आंबटाने थर गेला की रेघही गेली, ती पुन्हा येत नाही. मीनल, चांदीच्या नाण्यावर माती असेल तर ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेव, बस्स.

चांदीचं नाणं पश्चिमी क्षत्रपांचं, म्हणजे गुजरात-माळव्याकडच्या शक राजांचं आहे. डोंगर, त्यावर चंद्रकोर, खाली नागमोडी रेघ ही त्यांची खूण, आणि वजनही जुळतं. सुरुवातीचे राजे सोडले तर ग्रीक अक्षरं त्यांनी नुसती नक्षी म्हणून चालू ठेवली. त्यात वाचण्यासारखं काही नाही. खरा मजकूर डोंगराभोवती ब्राह्मीत असतो: आधी बापाचं नाव, मग राजाचं. रात्री दिवा मालवून मोबाइलचा टॉर्च नाण्याच्या पातळीला आडवा धर आणि नाणं हळूहळू फिरव. सपाट वाटणारी अक्षरं सावलीने उठतात.

हत्ती आणि ती चार वर्तुळं, म्हणजे उज्जैन चिन्ह, म्हणून दुसरं सातवाहनांचं. धातू शिसं किंवा पोटीन (तांबं, शिसं, कथील यांचं मिश्रण) असेल. हत्तीच्या वरची अक्षरं गेली असतील तर राजा सांगता येणार नाही, आणि कुणी छातीठोक सांगितलं तरी विश्वास ठेवू नकोस. शिशाचं निघालं तर लाकडी कपाटात ठेवू नकोस. लाकडातल्या आम्लाच्या वाफेने शिसं पांढरं पडून भुगा होतं.

मीनल
काका, टॉर्चने दिसलं! '…दामपुत्रस' आणि शेवटी '…सेनस'.

दत्ताकाका
वा! पण नुसत्या 'सेन'वर थांबू नकोस, क्षत्रपांत सेन पुष्कळ. 'दाम'चा मुलगा 'सेन' म्हटलं तरी तिघे उरतात: वीरदामाचा दुसरा रुद्रसेन, भर्तृदामाचा विश्वसेन आणि रुद्रदामाचा तिसरा रुद्रसेन. नावाआधी 'स्वामी' असेल तर तिसरा रुद्रसेन. नसेल तर पदवी बघ. विश्वसेन फक्त क्षत्रप (धाकटी पदवी) होता, दुसरा रुद्रसेन महाक्षत्रप (थोरली).

तेही पुसलं असेल तर चेहऱ्याच्या मागे बघ. तिथे शक वर्ष कोरलेलं असतं. ७८ मिळवले की इसवी सन. दुसऱ्या रुद्रसेनाची वर्षं शंभराच्या घरातली, बाकी दोघांची बहुतेक दोनशेच्या. दोनशेचं चिन्ह म्हणजे शंभराच्याच चिन्हाला एक आडवी रेघ. त्या जागेचा फोटो चारही बाजूंनी प्रकाश टाकून काढ आणि इथे टाक. नाण्याच्या कडेचाही टाक, ओतीव नकलेच्या कडेला सांध्याची रेघ दिसते.