मुदत संपली की बंदूक हातात
अमेरिकेत बंदूक विकण्याआधी गिऱ्हाईकाचा बॅकग्राउंड चेक (गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी) होतोच, मग बंदुकांवर नवा कायदा कशाला, असं काही जण म्हणतात. चेक आहे हो, पण तीन कामकाजाच्या दिवसांत हा चेक करणाऱ्या एफबीआयकडून (तिथली केंद्रीय तपास यंत्रणा) हो-नाही काहीच आलं नाही तर फेडरल (केंद्रीय) कायद्याने दुकानदार बंदूक विकू शकतो, हे कुणी सांगतच नाही. २०१५ मध्ये तिथल्या चार्ल्सटन शहरातल्या चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या ९ जणांना ज्याने मारलं त्याला पिस्तूल असंच मिळालं, ड्रग्जच्या केसमुळे खरं तर मिळायलाच नको होतं, पण रेकॉर्ड भलत्याच पोलिसांकडे शोधत राहिले आणि मुदत संपली. एफबीआयच्या प्रमुखांनीच नंतर हे कबूल केलं. संताप येतो वाचून!

२०२२ च्या कायद्याने मुदत १० कामकाजाच्या दिवसांपर्यंत वाढवली, पण ती फक्त २१ वर्षांखालच्यांसाठी, आणि चार्ल्सटनचा हा हल्लेखोर तर पिस्तूल घेतलं तेव्हा २१ चा झालेला होता.