'डॅम्प्ड' म्हणजे दमट नव्हे, मग काय?

शाईचा डाग: एका विज्ञानलेखाचं भाषांतर करतेय. लांबच्या दीर्घिकांमधला वायू सहसा थेट दिसत नाही, पण त्याच्याही मागे एखादा क्वेसार, म्हणजे दूरच्या दीर्घिकेचा अतितेजस्वी गाभा, असला की त्याचा प्रकाश या वायूतून येताना ठरावीक तरंगलांबीला खाल्ला जातो आणि वर्णपटात काळी रेघ उमटते, इथपर्यंत गाडी नीट चालली होती. मग हायड्रोजनच्या लायमन-अल्फा नावाच्या रेघेपाशी आलं 'डॅम्प्ड लायमन-अल्फा अ‍ॅब्सॉर्बर'. मी झोपेत 'दमट लायमन-अल्फा शोषक' लिहिलं, संपादकांनी समासात लिहून पाठवलं, "दमट का? आणि कुणाचं शोषण?" आता काय लिहू?

कानामात्रा: हहपुवा. अहो अवमंदित दोलन शिकलो ना आपण सगळे, 'अवमंदित' टाका. आणि शोषणाऐवजी अवशोषण. प्रश्न मिटला.

वर्णपटवाला: मिटला कसला, अवमंदित वाचून कळणार काय कुणाला. अणूतला इलेक्ट्रॉन म्हणजे मंदावत जाणारा दोलक असं धरलं की रेघेला मूळचीच जराशी रुंदी येते, एरवी ती जाणवत नाही, पण वाटेत हायड्रोजन बेसुमार असेल तर तीच रुंदी दोन्ही बाजूंना पसरते. बेसुमार म्हणजे १ चौरस सेंमी जाडीच्या खांबात २ वर २० शून्यं इतके अणू, त्याच्या पुढेच डॅम्प्ड म्हणतात. छापलेला वर्णपट बघा, बारीक रेघांची नुसती दाटी आणि त्यात मध्येच एक रुंद खड्डा, तळ शून्याला टेकलेला, काठ हळूहळू चढत जाणारे. मी तर सरळ 'रुंदावलेली रेघ' म्हणेन.

जुनी पोथी: दमटला हसू नका हो. इंग्रजी डँपचा जुना अर्थच मुळी वाफ, जर्मनमध्ये डाम्फ म्हणजे अजूनही वाफ, आणि खाणीतल्या पेटणाऱ्या वायूला फायरडँप म्हणतात. वाफेनं कोंडणं, त्यावरून दाबून टाकणं, ओलावा वगैरे नंतर. म्हणजे डागताई झोपेत वायूपर्यंत पोचल्याच होत्या! आपला दमटही दम कोंडण्यावरूनच आला असणार असं माझं ठाम मत आहे.

कानामात्रा: पुरावा?

जुनी पोथी: मत म्हटलंय.

रिकामटेकडी: 'अव' लावून काय मिळतं ते सांगा आधी. शुष् म्हणजे वाळणं, प्रकाश काय वाळत घातलाय? टिपकागद शाई टिपतो तसं वायू प्रकाश टिपतो म्हणा की. टिपरेघ. छोटा शब्द, आपला शब्द.

वर्णपटवाला: टिपरेघ कानाला गोड आहे पण "दुर्बिणीनं टिपलेला प्रकाश वायूनं टिपला" असं वाक्य आलं की बसा डोकं धरून. शिवाय हा वायू प्रकाश पोटात ठेवून बसत नाही, बहुतेक वेळा लगेच सोडून देतो पण भलत्याच दिशेला, आपल्या वाट्याला येत नाही म्हणून आपल्याला खड्डा दिसतो. तेव्हा शोषण काय, टिपणं काय, दोन्ही अर्धवटच.

रिकामटेकडी: मग त्या बारीक रेघांच्या दाटीला काय म्हणता? इंग्रजीत तिला 'लायमन-अल्फा फॉरेस्ट' म्हणतात, त्या फॉरेस्टचं अरण्य नका करू, रान म्हणा.

वर्णपटवाला: रान चालेल, माजलेलंच असतं ते. रेघ मुळात एकच, १२१६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची, पण हायड्रोजनचा प्रत्येक ढग वेगळ्या अंतरावर म्हणून रेडशिफ्ट, म्हणजे रेघेचं लाल बाजूला सरकणं, वेगळी, २.५ वाल्याची ४२५५ ला येते, शेजारच्याची जरा इकडे तिकडे, अशा शेकडो.

कानामात्रा: रेडशिफ्टला ताम्रसृती हा शब्द असताना रेडशिफ्ट? आणि रान लिहिलंत तर उद्या दीर्घिकेला तळं म्हणाल.

जुनी पोथी: म्हणायला हरकत नाही, संस्कृतात दीर्घिका म्हणजे लांबट विहीर किंवा तळंच. तुमचा शुद्ध शब्द पाणवठ्यावरून आलाय.

शाईचा डाग: मंडळी, 'डॅम्प्ड'चं काय करू? उद्या द्यायचंय.

रिकामटेकडी: डॅम्प्ड तसंच ठेवा आणि खाली दोन ओळी लिहा. पण एक सांगा, वर 'एखादा क्वेसार' लिहिलंय, तो क्वेसार? मी तर ते क्वेसार म्हणते.

कानामात्रा: तो. तारा तो, म्हणून क्वेसारही तो.

वर्णपटवाला: पण तो तारा नाहीच ना! ताऱ्यासारखा दिसतो एवढंच, नावातच 'क्वासी' आहे.

जुनी पोथी: मग क्वासार लिहा, क्वेसार कुठून आणलंत?