टॅग हाती असला म्हणून अ‍ॅलिगेटर मारावा का?

टँपाकर (धागाकर्ता):

मागच्या ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तीन मित्रांबरोबर मी फ्लोरिडातील किसिमी सरोवरावर अ‍ॅलिगेटरच्या, म्हणजे मगरीच्या अमेरिकी भाऊबंदाच्या, शिकारीला गेलो होतो. शिकारीचा परवाना एका मित्राचा होता आणि बाकीच्या आम्ही मदतनिसांचा परवाना रीतसर काढला होता. हे कळल्यापासून पुण्यातल्या घरच्या मंडळींनी मला बरेच सुनावले आहे, म्हणून माझी बाजू इथे मांडतो.

अमेरिकेने १९६७ साली हा प्राणी संकटग्रस्त ठरवला, संख्या सावरल्यावर १९८७ साली त्याला त्या यादीतून वगळले, आणि १९८८ पासून फ्लोरिडात मोजके परवाने दिले जाऊ लागले. आज त्या एका राज्यात सुमारे १३ लाख अ‍ॅलिगेटर आहेत. एका परवान्यावर दोन टॅग (मारलेल्या जनावराला लावायच्या सरकारी खुणेच्या पट्ट्या) मिळतात, म्हणजे दोनच जनावरे मारता येतात. बंदुकीने लांबून टिपण्यास मनाई आहे. आधी भाल्याने किंवा गळाने जनावर दोरीला अडकवून होडीच्या कडेला आणावे लागते, आणि मगच टेकताच काडतूस उडणारी काठी कवटीच्या मागे लावता येते.

हेडलॅम्पच्या झोतात पाण्यावर फक्त दोन लाल डोळे दिसतात. डोळ्यांपासून नाकपुड्यांपर्यंत जितके इंच, साधारण तितके फूट लांबी, असा इथला अंदाज आहे. आमची होडी जेमतेम १४ फुटांची होती आणि दोरी ताणली गेल्यावर त्या जनावराने ती अर्धा तास हवी तिकडे फिरवली. शेवटी ते साडेआठ फुटांचे भरले. मेल्यावरही जबडा टेपने बांधून शेपटीच्या टोकाला टॅग लावला, आणि त्याचे मांस चौघांच्या घरी वर्षभर पुरले. जे खातो ते स्वतःच्या हाताने मारण्याची जबाबदारी घेणे मला दुकानातली कोंबडी आणण्यापेक्षा प्रामाणिक वाटते.

कृष्णाकाठ:

मी भिलवडीचा. आमच्या नदीत मगरी आहेत, काठावरच्या माणसांवर त्यांनी हल्ले केले आहेत, त्यामुळे या प्राण्याविषयी मला भाबडे प्रेम नाही. तरीही आपले म्हणणे पटले नाही.

आपण फक्त संख्या सांगितलीत. संख्या पुरेशी असणे ही शिकारीची किमान अट झाली. तेवढ्यावरून शिकार योग्य ठरत नाही. एखादा जीव अर्धा तास गळाला ओढत राहतो तेव्हा त्याचे काय होते, याबद्दल आपण एक वाक्यही लिहिले नाहीत. होडी कशी फिरली ते मात्र लिहिलेत. लांबून गोळी घालू नये हा नियम जखमी जनावर हातचे जाऊ नये म्हणून असेल तर तो समजतो, पण त्यामुळे मरण लांबते हेही खरेच आहे.

आणखी एक. अ‍ॅलिगेटरची मादी सहसा नऊ फुटांपलीकडे वाढत नाही. घरट्यातली अंडी ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत फुटतात; आतून पिलांचा आवाज आला की आई घरटे उकरते, पिले तोंडात धरून पाण्यात नेते आणि पुढे कित्येक महिने राखते. आपला हंगाम १५ ऑगस्टला सुरू होतो आणि कायद्याने १८ इंचांवरचे कोणतेही जनावर चालते. साडेआठ फुटांचे जे जनावर आपण ओढलेत, ते नर होते की मादी, हे त्या दोन लाल डोळ्यांवरून आपल्याला कसे कळले?

लाफायेतवासी:

लुईझियानात बारा वर्षे राहतो, म्हणून दोघांनाही थोडे अडवतो. इथे शिकार १९६२ साली बंद झाली आणि १९७२ साली एका कॅमेरॉन परगण्यात पुन्हा सुरू झाली. दलदलीची बहुतेक जमीन खाजगी आहे आणि जमीन किती व कशी आहे यावर मालकाला टॅग मिळतात. घरट्यातली अंडी गोळा करून पिले वाढवणाऱ्यांना ठरावीक हिस्सा मोठा करून परत दलदलीत सोडावा लागतो. कातडी आणि अंडी यांतून पैसा मिळतो, म्हणून मालक दलदल भरून न काढता तशीच राखतो. ही शिकार बंद केली तर दलदल जाईल आणि तिच्याबरोबर अ‍ॅलिगेटरही जाईल, हे कृष्णाकाठ यांनी ध्यानात घ्यावे.

मात्र टँपाकर, या युक्तिवादाचा आधार आपल्याला घेता येणार नाही. आपण सार्वजनिक सरोवरावर हौसेने गेला होतात. आपल्या दोन टॅगांमुळे कुणाची दलदल वाचली, हे दाखवता येईल का?

टँपाकर:

कृष्णाकाठ यांच्या प्रश्नाचे उत्तर टाळत नाही. ती मादी होती. कातडे काढणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितले आणि मी ते मूळ लेखात लिहायला हवे होते. आसपास पिले होती की नाही, हे अंधारात आम्ही पाहिलेच नाही.

शिकारीच्या बाजूनेच मी अजून आहे. माणसाने पाण्याशी आणि अन्नाशी असा थेट संबंध ठेवण्यात मला वावगे दिसत नाही, आणि इतक्या संख्येतून थोडी जनावरे काढल्याने जात धोक्यात येत नाही. पण आमचा हंगाम १ नोव्हेंबरपर्यंत चालतो, तेव्हा सप्टेंबर निम्मा सरल्याशिवाय मी होडी काढणार नाही, आणि नाकपुडीपर्यंतचे अंतर दहा इंचांहून कमी दिसले तर भाला उचलणार नाही. एवढे मोठे जनावर जवळजवळ नेहमी नरच असते.

कृष्णाकाठ:

मारणे मला अजूनही मान्य नाही. पण दहा फुटांची ही अट आपण स्वतःपुरती घातलीत, ती पहिल्या चार आठवड्यांपुरती तरी परवान्यावर छापली जावी, असे राज्याच्या वन्यजीव आयोगाला लिहाल का? मसुदा करायला मी बसतो.