लहान देशांची उच्च तंत्रज्ञान निर्यात: स्पर्धाक्षमता कशावरून ठरवावी?

संत्रानगरी
नमस्कार. नागपुरातील एका महाविद्यालयात मी एम.ए.च्या वर्गाला आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवते. देशाच्या निर्यातीतील एखाद्या वस्तूच्या वाट्याला जागतिक निर्यातीतील तिच्या वाट्याने भागणारा, अर्थतज्ज्ञ बेला बलासा यांचा १९६५ चा निर्देशांक लावला, की सिंगापूर आणि माल्टा इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार वरचढ दिसतात. परंतु तेथील यंत्रे आणि कच्चा माल बहुतांशी बाहेरून येत असेल, तर ही स्पर्धाक्षमता त्या देशाची मानावी की तेथे कारखाना थाटणाऱ्या कंपनीची?

बुटीबोरीकर
मॅडम, ही अडचण एकूण निर्यात मोजण्यातून येते. शंभर रुपयांच्या मालात ऐंशी रुपयांचे आयात केलेले भाग असले, तरी सीमाशुल्काच्या नोंदीत शंभरच दिसतात. ओईसीडी (प्रामुख्याने विकसित देशांची आर्थिक सहकार्य संघटना) आणि जागतिक व्यापार संघटनेने २०१३ पासून प्रसिद्ध केलेली मूल्यवर्धित व्यापाराची, म्हणजे निर्यातीत देशाने स्वतः घातलेल्या मूल्याची, आकडेवारी वापरावी. सिंगापूरच्या बाबतीत पुनर्निर्यात, म्हणजे आयात करून जवळपास तसाच बाहेर पाठवलेला माल, आधी वेगळी काढावी, नाहीतर सगळेच गणित फसते.

वर्धा रोड
बुटीबोरीकरांचे म्हणणे योग्य आहे, पण मूल्यवर्धनही एका वर्षाचेच चित्र दाखवते, आणि मला त्यापेक्षा कारखाना गेल्यावर मागे काय उरते हे महत्त्वाचे वाटते. कोस्टा रिकाची लोकसंख्या सुमारे ५० लाख, म्हणजे २०११ च्या जनगणनेतील आपल्या नागपूर जिल्ह्याहून थोडीच जास्त. तेथे इंटेलने १९९६ मध्ये चिपच्या जुळणी व चाचणीचा प्रकल्प जाहीर केला, तो लवकरच देशाच्या निर्यातीचा मोठा आधार बनला, आणि २०१४ मध्ये कंपनीने हेच काम आशियात हलवण्याचे ठरवल्यामुळे सुमारे १,५०० जणांच्या नोकऱ्या गेल्या. तरीही संशोधन केंद्र तेथेच राहिले, आणि काटेकोर उत्पादनाची सवय झालेले तंत्रज्ञ व मुक्त व्यापार क्षेत्रे हाताशी असलेल्या त्या देशात वैद्यकीय उपकरणे पुढे निर्यातीत अग्रस्थानी आली. बलासांचा निर्देशांक चिपपुरता पाहिला, तर येथे केवळ घसरण दिसेल.

संत्रानगरी
आभारी आहे. विद्यार्थ्यांना कोस्टा रिकाच्या २०१० नंतरच्या निर्यातीतील ८५४२ (एकात्मिक परिपथ) आणि ९०१८ (वैद्यकीय उपकरणे) या सीमाशुल्क वर्गीकरणातील दोन शीर्षकांची वर्षवार तुलना करायला देते. पुनर्निर्यात वेगळी काढण्याची रीत मात्र बुटीबोरीकरांनी सविस्तर लिहावी, ही विनंती.