ईअँडटीसी (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम) डिप्लोमा झाला, आता मेकॅट्रॉनिक्सला इंजिनिअरिंगचं डायरेक्ट सेकंड इयर घ्यावं का सरळ वाळूजला नोकरीला लागावं?

नमस्कार मंडळी, अंबाजोगाईकडचा आहे. शेवटचा पेपर नुकताच झाला आणि घरी एकच विषय चालू आहे, काका म्हणायलेत कॉम्प्युटर घे, सगळे तेच घ्यायलेत, पण मला दिवसभर स्क्रीनपुढं बसायचं नाही, समोर मशीन हलली पाहिजे.

ट्रेनिंगला वाळूज एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत होतो. तिथं एक एसपीएम (एकाच कामासाठी बनवलेली मशीन) सारखी अडकायली, सेन्सर नवा टाकला तरी तेच. मेंटेनन्सच्या दादांनी सेन्सरपुढं पाना धरला तर सेन्सरचा दिवा लागला, पण पॅनल उघडून बघितलं तर पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) इनपुटचा दिवा काही लागंना. आम्ही पोरं वायरच हुडकत बसलो. निघालं काय तर स्टोअरनं पीएनपीच्या जागी एनपीएन सेन्सर दिलेला (पीएनपी इनपुटला प्लस देतो, एनपीएन मायनस), दिसायला दोन्ही सेम टू सेम! कॉलेजात ट्रान्झिस्टर घोकून घोकून पाठ झाला राव, पण हे कुणी सांगितलं नव्हतं. तवापासून डोक्यात ऑटोमेशनच आहे.

आता अडचण अशी की मेकॅट्रॉनिक्स म्हणजे धड मेकॅनिकल नाही धड इलेक्ट्रॉनिक्स नाही असं काही जण म्हणायलेत. संभाजीनगरात एक क्लास पीएलसी-स्काडाचे (स्काडा म्हणजे कॉम्प्युटरवरून मशीनींवर नजर ठेवायचं सॉफ्टवेअर) 45 हजार मागतोय, शंभर टक्के प्लेसमेंट म्हणे, लिहून द्या म्हटलं तर विषय बदलतात. घरी कोरडवाहू सोयाबीन आहे, त्यामुळं पैसे विचार करूनच घालावे लागतील. संभाजीनगरजवळ बिडकीनला टोयोटा, एथर या गाड्यांच्या कंपन्या येणार म्हणतात, त्या हिशोबानं काय शिकावं? कुणी या लाइनीत असंल तर सांगा.

प्रतिसाद
वाळूजलाच मेंटेनन्सला आहे. प्रायव्हेटमध्ये ब्रँचचं नाव कुणी बघत नाही, वायरिंगचं ड्रॉइंग वाचता येतं का आणि बंद मशीन चालू करतो का, एवढंच बघतात. पण सरकारी भरतीचा विचार असेल तर बऱ्याच जाहिरातींत मेकॅट्रॉनिक्स हे नावच नसतं, आणि गेट परीक्षेलाही त्याचा वेगळा पेपर नाही. मी तर ईअँडटीसी नाहीतर इन्स्ट्रुमेंटेशन घे म्हणेन. क्लासला आत्ताच पैसे घालू नको. कोडेसिस हे पीएलसी प्रोग्रॅमिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सिम्युलेशन आहे. आधी मोटरचं स्टार्ट-स्टॉप कर, मग टायमर टाकून स्टार-डेल्टा (मोठी मोटर दोन टप्प्यांत चालू करायची पद्धत), आणि स्टार-डेल्टाचे कॉन्टॅक्टर (मोटरचे मोठे स्विच) एकदम ओढले तर सरळ शॉर्ट होतं, म्हणून इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसरा लागू नये ही सोय, विसरायचा नाही. इंटरव्ह्यूला हेच विचारतात.

फीचं जमत नसेल तर एनएटीएस या सरकारी अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर नाव टाक, डिप्लोमावाल्यांना वर्षभर अप्रेंटिसशिप मिळते, स्टायपेंडही असतो. फक्त मेंटेनन्स मागून घे, नाहीतर असेंब्ली लाइनवर उभं करतात आणि वर्ष पार्ट मोजण्यात जातं. डायरेक्ट सेकंड इयर पुढच्या वर्षीही घेता येतं.

धागाकर्ता
लई आभार दादा, काकांनाच दाखवतो हे. लॅपटॉप जुना आहे, 4 जीबी रॅमचा, त्यावर कोडेसिस चालंल का?