‘फोड’ की ‘डोळा’? इपॉक्सी कोटिंगमधल्या दोषांना काय म्हणायचं

शिरोली एमआयडीसीत ओतीव लोखंडाच्या व्हॉल्व्हना इपॉक्सी पावडर कोटिंग होतं, म्हणजे पावडर मारून ती ओव्हनमध्ये वितळवून थर बसवतात. तिथे मी तपासणी बघतो. आमच्या रिवर्कच्या, म्हणजे बिघडलेला माल पुन्हा करण्याच्या, वहीत ‘दोष’ या रकान्यात ओळीमागून ओळ एकच शब्द: फोड. मागच्या महिन्यात दोन लॉट परत आले. दोन्हींपुढे ‘फोड’ लिहिलं होतं, म्हणून दोन्हींना उपायही एकच झाला: घासा आणि पुन्हा पावडर मारा. दोन्ही लॉट पुन्हा बिघडले.

मग भिंग घेऊन बसलो. पहिल्या लॉटवर बशीसारखे उथळ खळगे होते, कड किंचित उचललेली, काहींच्या मधोमध बारीक ठिपका. हे तेलाचं काम. कॉम्प्रेसरच्या हवेतून तेल येत होतं. नळीपुढे पांढरा कागद धरला तर मिनिटाभरात डाग उमटले. दुसऱ्या लॉटवर टाचणी टोचावी तशी भोकं, थेट लोखंडापर्यंत गेलेली. ओतीव लोखंडातल्या बारीक पोकळ्यांत अडकलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि वितळलेल्या पावडरीतून वाट काढते. तिथे कास्टिंग (ओतीव भाग) आधी नुसतंच, कोटिंगच्या तापमानापेक्षा थोडं जास्त तापवून घ्यावं लागतं, म्हणजे हवा अगोदरच निघून जाते. वरून कितीही पावडर मारली तरी आतली हवा आतच.

आता सांगा, यातला फोड कोणता? फोड वर येतो, हे दोन्ही तर खड्डे आहेत! मला असे शब्द हवेत की ते वाचूनच कारण कळेल. ‘सूक्ष्मछिद्र’ वगैरे नको, फळ्यावर लिहिलं तर पोरं वाचणारसुद्धा नाहीत.

प्रतिसाद 1

दादा, तुमचं बरोबर आहे. ‘ती फोड’ आंब्याची आणि ‘तो फोड’ भाजल्याचा, पण दोन्हींत खड्डा कुठेच नाही. कोटिंगला खरा फोड येतो तो वापरात आल्यावर. थराखाली क्षार राहिले असले की ते पाणी ओढून घेतात आणि थर उचलला जातो. ‘फोड’ हा शब्द त्यालाच राखून ठेवा.

तेलाच्या खळग्याला इंग्रजीत माशाचा डोळा म्हणतात, पण आपल्याला माशापर्यंत जायची गरज नाही. बटाट्याला डोळा असतोच: उथळ खड्डा आणि मधे कोंब. तुम्ही वर्णन केलंय ते हुबेहूब हेच. ‘डोळा’ लिहा. दुसऱ्याला ‘सुईभोक’.

प्रतिसाद 2

मी मालवणकडचा. आमच्याकडे होड्यांना दोन भागांचं पातळ इपॉक्सी लावतात, रेझिन आणि ते कडक करणारा हार्डनर. पावसाळ्यात वरून चिकट, पांढुरका थर येतो. सगळे म्हणतात ‘रंगाला घाम सुटला’. हा शब्द ऐकायला छान, पण घात करतो. घाम म्हटला की माणूस फडक्याने पुसतो, फार तर थिनर लावतो. प्रत्यक्षात हार्डनरमधलं अमाइन हे रसायन हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी मिळून हा थर तयार होतो. तो पाण्यात विरघळतो, थिनरला नीट दाद देत नाही. आधी कोमट पाण्याने धुवायचं, मगच पॉलिश पेपर. उलट केलं तर तो थर घासून आत जिरवल्यासारखं होतं आणि पुढचा हात धरत नाही.

मी ‘साय’ म्हणतो. साय वरच्या वर धरते आणि ती काढल्याशिवाय खालचं हाती लागत नाही.

प्रतिसाद 3

‘साय’ फार आवडला. जास्त जाड मारल्यामुळे रंग खाली उतरतो त्याला मात्र नवा शब्द शोधू नका, ‘ओघळ’ आहे.

एक भर घालते. तपासणीत ‘हॉलिडे’ म्हणतात तो शब्द सुट्टीचाच. जहाजाच्या तळाला डांबर लावताना राहून गेलेल्या जागेला इंग्रज खलाशी 18व्या शतकापासून असं म्हणत आले. आमची आजी सारवताना म्हणायची, “कोपरा सुटला बघ.” ‘सूट’ म्हणायला काय हरकत आहे?

मूळ लेखक

ताई, ‘सूट’ नको, आमच्याकडे तो शब्द बिलात येतो. ‘सुटलेली जागा’ लिहितो. पिण्याच्या पाण्याच्या व्हॉल्व्हवर आम्ही किमान 250 मायक्रॉनचा थर देतो आणि त्यावरून विजेचा ब्रश फिरवतो. थर सुटला असेल तिथे ठिणगी पडते, तिथे खडूने गोल करतो. ‘सुटलं’ हे तर पोरं आत्ताही ओरडून सांगतात, फक्त वहीत इंग्रजी लिहितात.

कालपासून रकाने बदलले. ‘डोळा’ दिसला की कॉम्प्रेसरचा फिल्टर आणि धुण्याची टाकी बघायची. धुणं ब्लास्टिंगच्या, म्हणजे शॉटचा (धातूच्या बारीक गोळ्यांचा) मारा करून पृष्ठभाग खरबरीत करण्याच्या, आधीच हवं, नंतर नाही. नाहीतर तेल खरबरीत पृष्ठभागात ठोकलं जातं आणि शॉटही तेलकट होतो. ‘सुईभोक’ असेल तर कास्टिंग आधी तापवायचं. रात्रपाळीच्या एका पोराने आपण होऊन लिहिलं: “डोळे 4, सगळे फ्लँजच्या खालच्या बाजूला.” फ्लँजची, म्हणजे पाइप जोडायच्या चपट्या कडेची, ती बाजू धुताना हुकला टेकलेली असते. ‘फोड’ लिहिलं असतं तर मी तिकडे पाहिलंच नसतं.

अजून एक शब्द अडलाय. धारदार काठावरून वितळलेला थर मागे सरकतो आणि काठ उघडा पडतो. आम्ही ‘काठ खाल्ला’ म्हणतो, पण झिजलेल्या काठालाही तेच म्हणतो. कोणाकडे दुसरा शब्द आहे का?